गोमेचा शेवटचा पाय

आलापल्लीच्या बाजारात मला चाळीस वॅटचा पिवळा दिवा हवा होता. काचेचा, आत तार असलेला, हात लावला तर चटका देणारा. तीन दुकाने झाली. "आता ते कोण वापरते जी? एलईडी घ्या, बिल कमी येते," पहिल्याने समजावले. दुसऱ्याला म्हणालो, मला उजेड नको, ऊब हवी आहे. "मग शेगडी घ्या," तो म्हणाला. तिसऱ्याने नुसती मान हलवली. चौथ्या दुकानात फिनाइलच्या बाटल्यांमागे धूळ खात पडलेले दोन दिवे निघाले. लावून पाहिले, एकच पेटला. तेवढा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि भामरागडची वाट धरली.

तो दिवा गोमेसाठी होता.

संपादकांनी यंदा लेखासाठी 'लहान' असा विषय दिला होता. लहान म्हटल्यावर मला उलट मोठ्यात मोठे रान आठवले. गडचिरोली जिल्ह्याचा पसारा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आणि त्यातला सुमारे सत्तर टक्के भाग वनाच्छादित. या रानाकडे लोक वाघासाठी येतात आणि २०२१ पासून छत्तीसगडमधून उतरलेल्या हत्तींसाठीही. मला पाहायचे होते ते बोटाच्या नखावर मावेल असे काहीतरी. सोबत प्राणिशास्त्रातली एक मैत्रीण होती. तिची उमेदीची सगळी वर्षे सह्याद्रीच्या पालापाचोळ्यात गुडघे टेकून गेलेली. यायला ती तयार झाली, पण दोन अटी घालून. काही मारायचे नाही आणि रानातून काही न्यायचे नाही, कारण आपण संशोधनाची परवानगी घेतलेली नाही. दुसरी अट माझ्यासाठी होती. "लेखात 'नवी प्रजाती सापडली' असे काही लिहायचे नाही. नवी प्रजाती रानात सापडत नसते."

"मग कुठे सापडते?"

"ते तिथे गेल्यावर सांगते," ती म्हणाली.

पन्नास जोड्या कुणालाच नाहीत

आलापल्लीहून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. सप्टेंबरचे दिवस. पर्लकोटा नदी नुकतीच पुलावरून उतरली होती आणि कठड्यांत अडकलेल्या फांद्या, गवताचे पुंजके तसेच लोंबत होते. पावसाळ्यात हा पूल किती वेळा पाण्याखाली जातो, यावर इथल्या माणसांचे वेळापत्रक ठरते. गावापाशी इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी अशा तीन नद्या भेटतात. तीन नद्यांचे पाणी चढले की तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो.

वाटेत शब्दांचा हिशेब झाला. घरात न्हाणीच्या कोपऱ्यात दिसते ती गोम. कोकणात दगडाखालून वीतभर निघते ती घोण. पावसात रस्त्यावर सावकाश चालणारा, हात लावताच नाण्यासारखी गुंडाळी होणारा तो पैसा. पैशाच्या बहुतेक खंडांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात, तो कुजका पाला खातो आणि कुणाला चावत नाही. गोमेच्या एका खंडाला एकच जोडी. ती शिकारी. पायांची पहिली जोडी तिने चालण्यातून काढून विषाच्या नख्यांसाठी वापरली आहे. म्हणजे गोम दाताने नव्हे तर पायाने चावते. कानात शिरण्याची तिची ख्याती आपण लहानपणापासून ऐकतो, पण तिला हवा असतो अंधार आणि ओल. कान तिच्या यादीत नसतो.

शाळेच्या पुस्तकातला शब्द 'शतपाद'. पण बरोबर शंभर पाय असलेली गोम नाही. प्रौढ गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम भरतात. कमीत कमी पंधरा, जास्तीत जास्त एकशे एक्याण्णव. भिंतीवर पळणाऱ्या लांब पायांच्या गोमेला पंधरा. मोठ्या घोणीला एकवीस, तिच्या काही नातलगांना तेवीस. मातीत राहणाऱ्या दोऱ्यासारख्या गोमांना सत्तावीसपासून पुढे कितीही, पण विषमच. शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या, आणि पन्नास हा सम आकडा. असे का, याचा एक धागा २००४ मध्ये हाती आला. ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या एका गोमेच्या भ्रूणात शरीराचे खंड एकेक करून नव्हे, तर दोन-दोनच्या हप्त्याने पडताना संशोधकांना दिसले. जोड्या दोनाच्या पटीत वाढत असतील तर विषम आकडा विषमच राहणार.

पैशाची कथा याच्या उलट. त्याच्या इंग्रजी नावात हजार पाय आहेत, पण ते खरे करून दाखवणारा पैसा २०२१ मध्येच जगापुढे आला. पश्चिम ऑस्ट्रेलियात, जमिनीत साठ मीटर खोल. पाय १,३०६.

"हे पाठ करू नकोस," मैत्रीण म्हणाली. "विषम तेवढे लक्षात ठेव. उपयोगी पडेल."

मोहाखालचे छप्पर

भामरागडच्या अलीकडे तीन किलोमीटरवर हेमलकसा. १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमट्यांनी तो उभा केला. इथल्या प्राणी-अनाथालयात बिबट्यांनाही नावे असत. नेगल नावाच्या बिबट्यामुळे विलास मनोहरांच्या पुस्तकाला नाव मिळाले. रानातले मोठे जनावर माणसाजवळ आले की त्याला नाव मिळते. आम्ही निघालो होतो ते नाव नसलेल्यांच्या वस्तीत.

मुक्काम जवळच्याच एका माडिया गोंडांच्या गावात, ओळखीच्या ओळखीने मिळालेल्या घरी. परसात मोहाचे जुने झाड. त्याखालचा पाला उकरायची परवानगी आम्ही घरधन्याला विचारली. वन खात्याचा नव्हे, आपल्याच परसातला पाला कुणी विचारून उकरतो, याची त्याला मोठी गंमत वाटली.

"काय पायता जी?"

"गोम."

"गोम कायले पायता? दिसली का मारून टाका."

मैत्रीण हसली आणि गुडघ्यांवर बसली. पांढरी चादर, पिठाची चाळणी, दहापट भिंग, रंगकामाचा बारीक कुंचला. चिमटा तिने पिशवीतच ठेवला, कारण जिवंत गोम चिमट्यात धरली की पाय तुटतात. तिने पाला थराथराने उचलला. वर नुकती गळलेली, ओळखू येणारी पाने. त्याखाली चाळणीसारखी झालेली, नुसत्या शिरा उरलेली. त्याखाली काळा भुगा, जो पान की माती ते सांगता येत नाही. एका घमेल्यात तीन मजले. चादरीवर चाळणी हलवली आणि क्षणभर काहीच हलले नाही. मग सगळेच हलू लागले. स्प्रिंगासारखे उडणारे पांढरे ठिपके, तांबड्या माइट, वाळवी, डाळीच्या दाण्याएवढा पैसा, आणि शेपटी नसलेला, नांग्या उगारून उलटा चालणारा छद्मविंचू. घरातली दोन पोरे केव्हाच शेजारी येऊन बसली होती. त्यांचे डोळे आमच्यापेक्षा तेज होते. पहिली गोम त्यांनीच दाखवली. पिवळट, दोऱ्याच्या तुकड्याएवढी. भिंग खाली येईपर्यंत ती चाळणीच्या कडेखाली गेलीसुद्धा.

हे रान पानगळीचे. ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह, साग आणि खाली बांबू. सदाहरित जंगलात पान बाराही महिने थोडे थोडे गळते आणि जमीन कधी पूर्ण वाळत नाही. इथे उन्हाळ्याच्या तोंडावर सगळे एकदम गळते, मेपर्यंत पापडासारखे कडक होते आणि जूनच्या पहिल्या सरींनंतर एकदम कुजू लागते. म्हणून इथल्या छोट्या गोमेचे वर्ष दोन मजल्यांवर चालते. पावसात वर पाल्यात, उन्हाळ्यात खाली मातीच्या भेगांत, मुळांलगत, वाळवीच्या घरात. गोमेच्या अंगावर किड्यांसारखे मेणाचे घट्ट आवरण नसते. कोरड्या हवेत ती तासाभरात सुकून मरू शकते. तिच्या सगळ्या भूगोलाचे मूळ या एका उणिवेत आहे. ती नदी ओलांडत नाही, उघड्या माळावरून चालत नाही. दोन डोंगरांमधली दरी वाळली की दोन्हीकडच्या गोमांचे वंश वेगळे व्हायला लागतात.

आणि मोहाचा हंगाम? घरधनीण ओट्यावर बसून ऐकत होती. "मोह वेचाचा अस्सन तर पाला जाळाच लागते. नाही तर फूल दिसत नाही," ती म्हणाली. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले टपटपतात, पिवळट आणि गरदार. पाल्यात पडलेले फूल शोधण्यात सकाळ जाते आणि ऊन चढले की फूल कोमेजते. म्हणून झाडाखाली गोल झाडून पाला पेटवतात. त्यातला एखादा जाळ हाताबाहेर गेला तर वणवा. काही ठिकाणी आता झाडाखाली जाळ्या बांधून फुले झेलतात. मी मैत्रिणीकडे पाहिले. या आगीबद्दल ती काहीतरी कडक बोलेल असे वाटले होते. "मार्चमध्ये गोम खाली गेलेली असते," ती म्हणाली. "आगीत तिचे घर जात नाही, छप्पर जाते. पण पावसाळ्यात वर आल्यावर तिला काय मिळते, ते कुणीतरी दहा वर्षे बसून मोजायला हवे."

लंगडे होते ते शास्त्र

मराठीत म्हण आहे, गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही. श्रीमंताच्या छोट्या नुकसानीबद्दल आपण ती वापरतो. गोमेपुरती ती खरी आहे. पण तिला ओळखू पाहणाऱ्याला विचारा. एकच पाय मोडलेला असेल आणि तो शेवटचा असेल, तर त्याचे सगळे शास्त्र लंगडे होते.

गोमेचे शेवटचे पाय चालण्यासाठी नसतातच. ते मागे लांब ओढले जातात. काही गोमांत ते मागच्या मिशांसारखे चाचपतात, काहींत धरायला किंवा धमकवायला कामी येतात. त्यांच्या मांडीवर बारीक काटे असतात. किती, कुठल्या बाजूला, किती ओळींत, यावर मोठ्या गोमांच्या कित्येक प्रजाती वेगळ्या ठरतात. 'डिजिटिपेस' या कुळाच्या नरांच्या शेवटच्या पायावर तर बोटासारखा एक उंचवटा असतो आणि कुळाचे नावच त्यावरून पडले. पण पक्षी किंवा पाल मागे लागली की गोम जे पाय तोडून देते, त्यांत हेच पाय असतात. तुटलेला पाय पुढच्या काती टाकताना परत फुटतो खरा, पण आखूड, आणि काटे नसलेला किंवा भलत्याच जागी काटे असलेला. म्हणजे नमुन्यात पाय दिसला तरी तो मूळचा की नव्याने फुटलेला, हे आधी ठरवावे लागते. खरी गोम इथेच आहे.

दख्खनच्या गोमांची पहिली मोठी मांडणी याच काट्यांवर झाली. बी. एस. जांगी यांनी १९६६ मध्ये भारतीय घोणीवर एक आख्खी पुस्तिका लिहिली. तिच्या अंगाचा प्रत्येक सांधा, प्रत्येक स्नायू उकलून दाखवणारी. पुढे १९८४ मध्ये सी. एम. एस. दास यांच्याबरोबर त्यांनी दख्खनच्या मोठ्या गोमांचा आढावा घेतला आणि डिजिटिपेस कुळात एकदम सहा नव्या प्रजाती मांडल्या. हातात सूक्ष्मदर्शक, कागद आणि पेन्सिल. मग तीन दशकांनी जाह्नवी जोशी यांनी तीच गोम पुन्हा उचलली. आज त्या हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत संशोधन करतात. पश्चिम घाटात दक्षिणोत्तर फिरून गोळा केलेल्या गोमांचे जनुक त्यांनी वाचले आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या ग्रेगरी एजकोम यांच्यासह काटे, छिद्रे आणि पाय पुन्हा मोजले. दोन प्रश्न एकमेकांसमोर ठेवले गेले. काटे म्हणतात या दोन वेगळ्या, जनुक काय म्हणतो? जनुक म्हणतो या तीन वेगळ्या, मग काट्यांत ते कुठे दिसते? २०१३ मध्ये त्या कुळाची नवी मांडणी आली. जुन्या सगळ्या नावांना जनुकाने तितकीच साथ दिली नाही, आणि दोन नव्या नावांची भर पडली. त्यांतल्या एकीचे नाव डिजिटिपेस जांगी.

हीच पद्धत पुढे इतर कुळांना लावली गेली. २०१८ मध्ये एथ्मोस्टिग्मस सह्याद्रेन्सिस आली, तिचे गाव नावातच आहे. २०२० मध्ये रायसिडा कुळातल्या नव्या प्रजातींत एक रायसिडा सडा. हे नाव वाचून कोकणातल्या माणसाला आपल्या माथ्यावरचा जांभ्याचा सडा आठवल्याशिवाय राहणार नाही. जनुकांतून या गोमांची वये निघाली, ती क्रिटेशस काळापर्यंत मागे गेली. रायसिडाचे पूर्वज भारत गोंडवनातून सुटून उत्तरेकडे सरकत असताना त्यावरच होते आणि आशियाला टेकल्यावर पूर्वेकडे पसरले, असा तर्क त्या कामातून पुढे आला.

गोंडवन! ज्या गोंडांच्या देशावरून त्या प्राचीन खंडाला नाव मिळाले, त्यातल्याच एका घराच्या ओट्यावर बसून मी हे ऐकत होतो. इथून दक्षिणेला सिरोंच्याजवळ वडधमच्या जीवाश्म उद्यानात झाडांचे दगड झालेले बुंधे पडले आहेत, डायनोसॉरच्या काळातले. तिथे थांबून फोटो काढता येतो. गोमेचा वंश त्या बुंध्यांच्याही कितीतरी आधीचा, एक्केचाळीस-बेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा. फोटो काढायला ती थांबत नाही एवढेच.

नवे म्हणजे काय

रानात गोम सापडते. ती 'नवी' ठरते टेबलावर, आणि त्याला अनेकदा वर्षे जातात. मैत्रिणीने निघण्याआधी लांबवलेले उत्तर हे होते.

नमुना अल्कोहोलच्या कुपीत जातो, आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी. शाई विरघळते, पेन्सिल टिकते. गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या झाडाखाली, कुणी. या चिठ्ठीविना गोम म्हणजे नुसता किडा. मग सूक्ष्मदर्शकाखाली डोके, जबडे, मिशांच्या पेरांची संख्या, विषनख्यांचे दात, पोटाकडची छिद्रे, शेवटच्या पायाच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींची तोंडे. एक सेंटिमीटरच्या गोमेत यांतले पुष्कळसे दिसतच नाही. तिला ग्लिसरीनसारख्या द्रवात पारदर्शक करून, काचपट्टीवर उताणी ठेवून, एकेक मायक्रॉन फोकस सरकवत पाहावे लागते. मान आखडते, डोळे चुरचुरतात. इतके झाले की कळते ही गोम कशी आहे. नवी आहे का, ते अजून कळलेले नसते.

त्यासाठी जगात आजवर वर्णन झालेल्या तिच्या प्रत्येक बहिणीशी तिची तुलना करायची. गोमांच्या वर्णन झालेल्या प्रजाती तीन हजारांच्या वर. वर्णने लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इटालियनमध्ये. ज्या एका नमुन्यावरून नाव पडले तो मूळ नमुना लंडन, व्हिएन्ना किंवा कोलकात्याच्या कपाटात, आणि कधी त्याचाही शेवटचा पाय तुटलेला! प्राणिशास्त्रातली नावे लिनीयसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. आपल्या घराघरात निघणारी मोठी घोण त्यातही आहे. स्कोलोपेंड्रा मॉर्सिटान्स, म्हणजे चावरी. पण जांगींनी पुस्तिका लिहिली तेव्हा हीच घोण ॲमेझोनिका या नावाने ओळखली जात होती, कारण १९४६ मध्ये ब्राझीलमध्ये बुशर्ल यांनी तिला ते नाव दिले होते. दख्खनच्या घोणीला ॲमेझॉनचे आडनाव! पुढे दोन्ही एकच ठरल्या आणि जुने नाव परतले. एका नव्या नावामागे अशी कितीतरी नावे पुसण्याचे काम असते, आणि त्याची बातमी होत नाही.

त्यातून जे नवे ठरले त्याचा मूळ नमुना सरकारमान्य संग्रहात ठेवणे २००२ च्या जैवविविधता कायद्याने बंधनकारक आहे. अभयारण्यातून एक गोम उचलायची तरी वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते आणि १९९७ पासून भामरागडलाही अभयारण्य आहे. कागद हलायला महिने लागले की पावसाळा निघून जातो. गोम खाली आणि अर्ज वर!

मग लहान गोमा नव्या कुठे सापडतात? जिथे कुणीतरी गुडघे टेकतो तिथे. २००२ मध्ये एक नवी गोम गाजली. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, पायांच्या जोड्या एक्केचाळीस. नॅनारप हॉफमनी. ती निघाली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या पालापाचोळ्यातून, लाखो माणसे ज्यावरून चालून गेली होती त्यातून. तिचे घराणे आशियाकडचे, त्यामुळे ती कुंडीतल्या मातीबरोबर परदेशातून आली असावी असाही तर्क झाला. दक्षिण अमेरिकेतल्या काही गोमा याहून लहान, साडेपाच मिलिमीटरच्या. तिथेही कुणीतरी पाला चाळला म्हणून त्या आहेत. सह्याद्रीत गेल्या काही वर्षांत इतक्या गोमा निघाल्या, कारण तिथे माणसे पावसात फिरली. गोमांचा नकाशा म्हणून आपण जो पाहतो तो निम्मा तरी गोमा शोधणाऱ्यांचा नकाशा असतो. त्या नकाशावर भामरागडचा पाला अजून उकरायचा आहे.

रात्री, नरसाळ्याखाली

आता तो दिवा. १९०५ मध्ये अंतोनिओ बर्लेझे या इटालियन कीटकशास्त्रज्ञाने एक साधी युक्ती काढली. नरसाळ्यात पाला भरा, वरून ऊब द्या. पाला वरून वाळत येतो तसे आतले जीव ओल शोधत खाली सरकतात आणि नळीतून बाटलीत पडतात. बर्लेझेने गरम पाणी वापरले, नंतरच्यांनी विजेचा दिवा लावला. दिवे थंड झाले आणि ही युक्ती अडचणीत आली. एलईडी रात्रभर जळला तरी पाल्याला घाम येत नाही.

आमचे नरसाळे म्हणजे पाण्याच्या वीस लिटर बाटलीचे वरचे टोक, उलटे. आत मच्छरदाणीचा तुकडा, त्यावर मोहाखालचा पाला. खाली अल्कोहोलऐवजी ओला कापूस ठेवलेला वाडगा, कारण मारायचे नाही हे ठरलेले. घरधन्याने दिवा टांगायला आढ्याची दोरी दिली आणि जेवण झाल्यावर तोही येऊन बसला. ताटात भात, अंबाडीची भाजी आणि लाल मुंग्यांची आंबट चटणी होती. सहा पायांच्या लहान जीवाशी या घराचा व्यवहार आमच्यापेक्षा जुना आणि चविष्ट होता.

पहिला तास माइट पडत राहिल्या. मग एक छद्मविंचू. अकराच्या सुमाराला वीज गेली.

"आता डोळे सरावू दे," मैत्रीण अंधारात म्हणाली. मातीतल्या काही गोमा छेडल्या की चमकतात. ऑर्फनियस नावाची एक गोम भारतासह सगळ्या उष्ण प्रदेशांत आहे. तिच्या पोटाकडून हिरवट उजेडाचा चिकट द्रव झरतो आणि भक्ष्य समजून धरणाऱ्याच्या तोंडाला लागतो. तिला स्वतःला डोळे नाहीत. जो उजेड ती टाकते तो तिने कधी पाहिलेला नाही. आम्ही वाडग्याकडे पाहत बसलो. काही चमकले नाही. घरधनी हलकेच म्हणाला, "आमच्या लहानपणी रानात कुजल्या लाकडाले उजेड दिसे." तो बुरशीचा असणार, पण त्या अंधारात कुणी ते बोलले नाही.

मैत्रीण मग आयांबद्दल बोलत राहिली. बऱ्याच गोमांत आई अंड्यांभोवती वेटोळे घालून आठवडे उपाशी बसते. अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून चाटत राहते. काही घराण्यांच्या आया पोट आत, अंड्यांकडे करून बसतात. काही पाठ आत करून, पोट बाहेर. या एका सवयीवरून घराण्यांची जुनी फाटाफूट ओळखता येते. आणि मातीतल्या गोमेचे पिल्लू अंड्यातून निघते तेच सगळे पाय घेऊन. वाढताना लांबी वाढते, पायांची संख्या नाही.

दोनला वीज आली. पहाटे वाडग्यात पाहिले तर कापसाच्या धाग्यात ती होती.

अठ्ठेचाळीस नव्हेत

दीड सेंटिमीटर, फार तर. अंग फिकट, डोके लांबट आणि तांबूस, विषनख्या वरून पाहतानाही डोक्याच्या पुढे डोकावणाऱ्या. भिंग धरून मैत्रीण बराच वेळ गप्प होती. "मेसिस्टोसेफॅलसच्या घराण्यातली," ती म्हणाली. सेंट्रल पार्कवाली याच घराण्यातली. शेवटचे पाय दोन्ही शाबूत.

"लहान प्रजाती की लहान पिल्लू?"

"ते मारून, पारदर्शक करून, शेवटचा खंड पाहून सांगता येईल. तसे सांगता येत नाही. पण पाय मोजता येतात." दुसऱ्या घराण्यांत पायांची संख्या एकाच प्रजातीत गोमेगणिक मागेपुढे होते, माद्यांना सहसा जास्त. या घराण्यात बहुतेक प्रजातींचा आकडा ठरलेला. मेसिस्टोसेफॅलसमध्ये तो बहुधा एकोणपन्नास, आणि तसे असेल तर ती या घराण्यातली अगदी नेहमीची मेंबर. आकडा दुसराच निघाला तर नीट विचार करावा लागेल.

जिवंत, पळती गोम मोजता येत नाही. मोबाइलला छोटे भिंग लावून आम्ही चौदा फोटो काढले. चौदापैकी तीन स्पष्ट आले. पोरांनी मागून मान घालून घालून पाहिले. मग मैत्रिणीने वाडगा उचलला, परसात मोहाखाली गेली, काल उचललेला पाला परत पसरला आणि कापूस उलटा केला. गोम काळ्या भुग्यात शिरली. जाताना शेवटचे दोन पाय क्षणभर वर राहिले, मग तेही गेले.

घरधनी म्हणाला, "सोडून देल्ली? एवढी रातभर जागून?"

"सोडली," ती म्हणाली.

परतताना आलापल्लीपर्यंत मी मोबाइलचा पडदा ताणून पाय मोजत होतो. पहिल्यांदा मोजले तेव्हा अठ्ठेचाळीस जोड्या भरल्या. म्हणजे चुकलो. गोमेची ही मोठी सोय आहे, सम आकडा आला की मोजणाऱ्याची चूक आपोआप पकडली जाते. पुन्हा मोजले, सत्तेचाळीस. पुन्हा, एकोणपन्नास. मानेजवळ एक जोडी सावलीत आहे की नाही, यावर सगळे अडले होते. एकोणपन्नास असेल तर तीच ती नेहमीची. सत्तेचाळीस असेल तर कुणीतरी पुढच्या पावसाळ्याआधी परवानगीचा अर्ज टाकायला हवा.

मोबाइल मी मैत्रिणीकडे दिला. तिने तीनदा मोजले आणि परत दिला.

"अठ्ठेचाळीस नाहीत," ती म्हणाली. "एवढे लिही."